शिक्षा संपल्यानंतरची नोंद



शिक्षा भोगून झाली म्हणजे अपराध्याचे समाजाशी असलेले देणे फिटले, असे दंडशास्त्र मानते. तुरुंगवासाला मुदत असते, दंडाची रक्कम ठरलेली असते. परंतु दोषसिद्धीची जी नोंद सरकारी दप्तरात राहते, तिला आपल्या देशात सामान्यतः मुदत नाही. गांजाच्या किरकोळ गुन्ह्यांत ही विसंगती विशेष ठळकपणे दिसते. तेथे शिक्षा लहान असते आणि नोंद मात्र आयुष्यभर पुरते.

गांजा हा भारतीय समाजाला अपरिचित पदार्थ नव्हे. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने भांग, गांजा व चरस यांच्या सेवनाची देशभर चौकशी केली. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, म्हणून सरसकट बंदी न घालता कर व परवाने यांद्वारे नियंत्रण ठेवावे, असा निष्कर्ष त्या आयोगाने काढला. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे धोरणाची दिशा बदलली आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम अमलात आला. या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांपासून वेगळी केलेली पाने व बिया त्यात मोडत नाहीत. म्हणूनच पानांची भांग या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. २००१ च्या अधिसूचनेनुसार एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ ठरतो. तो बाळगल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आता बंगळुरूच्या पश्चिम भागातील राजाजीनगरची कल्पना करावी. राजगोपालाचारींचे नाव धारण करणाऱ्या या भागात कारखान्यांची वसाहतही आहे आणि मध्यमवर्गीयांची घरेही आहेत. समजा, येथील एकोणीस वर्षांच्या एका तरुणाच्या खिशात दहा ग्रॅम गांजा सापडला. दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहण्यापूर्वी त्याला सल्ला मिळतो : गुन्हा कबूल कर, दंड भर आणि संध्याकाळी घरी जा. खटला वर्षानुवर्षे रेंगाळण्यापेक्षा हे बरे, असे त्यालाही वाटते. हा तरुण काल्पनिक असला तरी त्याची परिस्थिती काल्पनिक नाही. मुंबईतील अशा खटल्यांचा अभ्यास ‘विधी’ या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेक खटले वैयक्तिक सेवनाचे होते, त्यांतही गांजाचे अधिक होते, आणि दोषी ठरलेल्यांनी प्रायः गुन्हा कबूलच केला होता.

त्या कबुलीचा अर्थ या तरुणाला नंतर उमगतो. ज्याने स्वतः गुन्हा कबूल केला, त्याला अपिलात केवळ शिक्षेच्या प्रमाणाविषयी अथवा वैधतेविषयी बोलता येते. दोषसिद्धी मात्र कायम राहते. १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटकेची सोय करतो आणि तशी सुटका झाल्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रताही दूर करतो. परंतु १९८५ च्या कायद्याचे कलम ३३ हे दार बहुतांशी बंद करते. अठरा वर्षांखालील आरोपीला ते उघडे आहे. सेवनाच्या गुन्ह्यालाही उघडे आहे. गांजा बाळगण्याच्या गुन्ह्याला मात्र नाही. म्हणजे या तरुणाने तो गांजा ओढून संपविला असता, तर त्याला परिवीक्षेची आशा होती. तो खिशात शिल्लक राहिला, म्हणून ती आशा उरली नाही. वयाची गोष्टही तशीच. तो सतरा वर्षांचा असता, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अशा गुन्ह्याची नोंद ठराविक मुदतीनंतर नष्ट केली गेली असती.

कायद्याला विसरणे ठाऊकच नाही, असे म्हणता येणार नाही. १९६७ च्या पारपत्र अधिनियमात पूर्वीच्या दोषसिद्धीमुळे पारपत्र नाकारता येते. पण ती दोषसिद्धी नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याची, किमान दोन वर्षांच्या शिक्षेची आणि अर्जापूर्वीच्या पाच वर्षांतील असावी लागते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार अमली पदार्थांच्या गुन्ह्यात केवळ दंड झालेली व्यक्ती सहा वर्षांनी पुन्हा निवडणुकीस पात्र होते. कायदे करण्याची पात्रता सहा वर्षांनी परत मिळते. कारकुनाच्या जागेसाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरणाऱ्याला मात्र अशी मुदत कोणीही सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात स्पष्ट केले, की उमेदवाराने खरी माहिती दिलीच पाहिजे. क्षुल्लक गुन्ह्याकडे नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो, पण खरे सांगणाऱ्याला नोकरी देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. तेव्हा नोंद लपविणे हा उपाय नव्हे. उपाय कायद्यातच हवा.

पूर्वी हे काम काही अंशी वाळवी करीत असे. दप्तरखान्यातील कागद जीर्ण होत आणि जुनी प्रकरणे माणसांच्या स्मरणातूनही जात. आता पोलीस ठाणी देशव्यापी संगणक जाळ्याने जोडलेली आहेत आणि न्यायालयांतील प्रकरणे नावावरून शोधता येतात. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमानुसार बोटांचे ठसे व इतर मोजमापे पंचाहत्तर वर्षे जतन केली जातात. निर्दोष सुटलेल्यांची मोजमापे नष्ट करण्याची तरतूद त्यात आहे. दंड भरून सुटलेल्यांसाठी ती नाही.

इतर देशांचा अनुभव येथे उपयोगी पडतो. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये गांजाच्या जुन्या प्रकरणांची तपासणी शासनानेच करावी, असा कायदा केला. कॅनडाने २०१९ मध्ये अशा अर्जांचे शुल्क माफ केले, तरी अर्ज थोडेच आले. कारण ज्याला नोंदीची सर्वाधिक झळ लागते, त्यालाच अर्जाची वाट ठाऊक नसते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी २०२२ मध्ये केवळ गांजा बाळगल्याबद्दल संघराज्याच्या कायद्याखाली दोषी ठरलेल्यांना क्षमा जाहीर केली. परंतु क्षमेने नोंद पुसली जात नाही.

यावर आक्षेप असा, की नोंद पुसणे म्हणजे गांजाला मान्यता देणे. तो टिकत नाही. ब्रिटनने १९७४ मध्ये कोणताही अमली पदार्थ खुला न करता, लहान शिक्षांची दोषसिद्धी काही वर्षांनी ‘संपलेली’ मानावी आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी ती सांगण्याची सक्ती नसावी, असा कायदा केला. व्यापारी प्रमाणातील वाहतूक करणाऱ्यांना अशी सवलत कोणी मागत नाही. पुन्हा गुन्हा घडल्यास न्यायालयाला जुनी नोंद पाहता यावी, हेही रास्तच आहे. ती नोकरी देणाऱ्यापुढे व घर भाड्याने देणाऱ्यापुढे उघडी राहू नये, एवढेच मागणे आहे.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या खटल्याचे पहिले याचिकाकर्ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. त्यांच्या शहरातील एखाद्या तरुणाला एका संध्याकाळच्या चुकीपासून कधी मुक्त होता येईल, याचे उत्तर न्यायाधीशाच्या किंवा नियोक्त्याच्या मर्जीवर सोडणे योग्य नाही. कलम ३३ मधील भेद दूर करणे, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याला विस्मृतीची मुदत ठरविणे आणि मुदत भरताच अर्जाविना नोंद बंद करणे, ही तीन कामे संसदेची आहेत. ती होईपर्यंत, दहा ग्रॅमच्या गुन्ह्याची खरी शिक्षा न्यायालय नव्हे, तर दप्तर देत राहील.