मावळच्या मातीतील धातू : ओळख आणि जतन

मावळातील एखाद्या जुन्या शेतकरी वाड्याच्या परसात खणताना निघालेल्या धातूच्या वस्तूची ओळख पटवायची, तर तिचा आकार, वजन आणि धातू यांच्याइतकीच ती किती खोलीवर व कोणत्या वस्तूंच्या सोबतीने सापडली याची नोंद मोलाची ठरते. कारण बोरघाटाच्या माथ्यावरचा हा प्रदेश शेतीचा, लष्करी वाटेचा आणि 1863 पासून घाट चढून येणाऱ्या रेल्वेचाही असल्याने वेगवेगळ्या काळांचे अवशेष एकाच मातीत मिसळलेले असतात.

यांतील पुष्कळ अवशेष शेतीचे असतात. नांगराचा फाळ, तो घट्ट धरून ठेवणारी ‘वसू’ नावाची लोखंडी कडी आणि बैलगाडीच्या चाकावर चढवलेली ‘धाव’, म्हणजे लोखंडी पट्टी, ही त्यांची नेहमीची रूपे होत. बैलाचा खूर दुभंगलेला असल्यामुळे त्याच्या प्रत्येक अर्ध्या भागाला स्वतंत्र चपटी ‘पत्री’ मारली जाते, तर घोड्याची नाल एकसंध व कमानदार असते. हा फरक ध्यानात न घेतल्यास पत्री ही मोडक्या नालेचा तुकडा ठरवली जाते आणि शेतकऱ्याच्या गोठ्याला पागेचा इतिहास चिकटतो. लोहाराने ठोकून घडवलेला खिळा बहुधा चौकोनी व निमुळता असतो, यंत्रावर तारेपासून केलेला खिळा गोल असतो, आणि एवढ्या खुणेवरूनही तो ज्या दाराचा असेल त्याच्या काळाचा अंदाज बांधता येतो.

युद्धाच्या खुणा मात्र अधिक सावधपणे वाचाव्या लागतात. जानेवारी 1779 मध्ये मुंबईहून आलेली इंग्रज फौज तळेगावपर्यंत पोहोचली, 11 तारखेच्या रात्री जड तोफा तलावात टाकून मागे फिरली आणि वडगाव येथे मराठ्यांच्या वेढ्यात सापडून तिला तह करावा लागला. या परिसरात राखाडी-पांढरा थर चढलेली, आकाराच्या मानाने जड आणि लोहचुंबकाला न चिकटणारी गोळी सापडली, तर ती शिशाची असण्याचा संभव मोठा असतो. सुमारे 17 ते 18 मिलिमीटर व्यास हा तत्कालीन इंग्रजी बंदुकीच्या गोळीशी जुळतो. तरीही शिकारी आणि पहारेकरीही गोळ्या वापरत असल्याने एकट्या गोळीवरून रणभूमी सिद्ध होत नाही.

सर्वांत मोठे नुकसान घरच्या स्वच्छतेने होते. तांब्याचे शिवराई नाणे चिंचेने किंवा राखेने घासले, की हिरव्या थराबरोबर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरेही झिजतात. म्हणून वस्तू न घासता तिचे जागेवरच छायाचित्र घ्यावे, खोली मोजावी आणि ती कोरड्या कागदात ठेवावी. दडलेला मौल्यवान ऐवज निघाल्यास 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

नाण्याला जपणारे हात सहज मिळतात, पण गंजलेली वसू आणि पत्री भंगाराच्या काट्यावर जातात. मावळच्या शेतकऱ्याने स्वतःविषयी लिहून ठेवलेले फार थोडे असल्याने त्याच्या श्रमाचा हा लोखंडी दस्तऐवज तितक्याच आस्थेने राखला गेला पाहिजे.