न्यायाचा ग्रेडर कोणी नेमायचा?

(भंडारा जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भंडारा जिल्हा धानाचा, आणि समोर बसलेले तुम्ही कोरडवाहू, कापूस-ज्वारीवाले. विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या इथून दिसताहेत. कापसाच्या भावाचं सोडून हे न्यायाधीशांच्या नेमणुकीचं काय काढलं? तर एक आठवण करून देतो. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. केंद्रावर गाडी लागायची आणि ग्रेडर कापसात हात घालून प्रत सांगायचा. कापूस तुमचा, आणि प्रत ठरवणारा मात्र खरेदी करणाराचाच माणूस. भावाइतकीच भांडणं त्या ग्रेडरशी व्हायची. कोर्टाचं कोडं याहून वेगळं नाही.

धुऱ्याचे आणि वाटणीचे दावे बाजूला ठेवा. शेतकऱ्याचा मोठा दावा सरकारशी असतो. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची कोनशिला राजीव गांधींच्या हातून १९८८ साली बसली. वावरं गेली, गावं उठली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदल्याचा आकडा सरकारी अधिकारीच लिहायचा. तो पटला नाही तर कलम १८ चा अर्ज, मग दिवाणी कोर्ट, मग नागपूर खंडपीठ, आणि नशिबात असेल तर दिल्ली. २०१३ चा नवा कायदा आला, तरी पहिला आकडा लिहिणारा हात सरकारीच राहिला. म्हणजे या दाव्यात सरकार समोरचा पक्षकार आहे. पक्षकारानंच न्यायाधीश निवडायचा का?

हे नुसतं भय नाही, घडलेलं आहे. एप्रिल १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्याचा निकाल सरकारला झोंबला. लगेच शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय सरन्यायाधीश झाले. आणीबाणीत, १९७६ साली, माणसाला विनाचौकशी कोंडलं तर त्याला कोर्टात दाद मागता आली पाहिजे, असं पाचांपैकी एकट्या हंसराज खन्नांनी लिहिलं. १९७७ साली त्यांची पाळी होती. त्यांनाही डावललं आणि त्यांनी राजीनामा दिला.

घटना लिहिताना बाबासाहेबांनी हा धोका ओळखला होता. मे १९४९ मध्ये घटना समितीत बोलताना त्यांनी सरकारला मोकळं रान द्यायला नकार दिला. पण सरन्यायाधीशाच्या एकट्याच्या संमतीवर सगळं सोपवायलाही ते तयार नव्हते. तोही माणूसच, त्यालाही माणसाचे रागलोभ, असं त्यांचं म्हणणं. (याच बाबासाहेबांना आपल्या भंडारा मतदारसंघानं १९५४ च्या पोटनिवडणुकीत पाडलं. जिल्ह्यानं हे विसरू नये.)

पुढं लोलक दुसऱ्या टोकाला गेला. १९९३ च्या निकालानं निवड न्यायाधीशांच्या हाती आली, १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाचं पाच जणांचं कॉलेजियम ठरलं. सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायमूर्ती. बाहेरचा एकही नाही. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेली माणसं, आम्हाला बियाण्याची पिशवी आठवते. महाबीज बियाणं तयार करतं, पण प्रमाणित बियाण्याचा टॅग बीज प्रमाणीकरण यंत्रणेचा असतो. दोन्ही कचेऱ्या अकोल्यातच, पण वेगळ्या. बियाणेवाल्यानंच आपल्या पिशवीला टॅग लावला तर तुम्ही ती घ्याल का? चांगलं बियाणं निघणारच नाही असं नाही. पण पेरणारानं भरवसा कशावर ठेवायचा?

२०१४ साली संसदेनं ९९ वी घटनादुरुस्ती करून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग काढला. सदस्य सहा: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, केंद्रीय कायदामंत्री आणि दोन 'मान्यवर'. हे मान्यवर पंतप्रधान, सरन्यायाधीश आणि लोकसभेतला विरोधी नेता यांनी मिळून निवडायचे. सहांपैकी कोणत्याही दोघांनी नाही म्हटलं की नाव बाद. म्हणजे मंत्र्याला एक मान्यवर गाठीशी बांधला की पुरे. आणि मान्यवर म्हणजे कोण, याची व्याख्याच नव्हती. आपल्याकडं मान्यवर म्हणजे सत्काराला व्यासपीठावर बसणारा, हे तुम्ही जाणताच. त्या दोघांची निवड झालीच नाही. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं आयोग रद्द केला. विरोधात लिहिणारे न्यायमूर्ती चेलमेश्वर.

आयोग गेला याचं आम्हाला दुःख नाही. पण जुनीच पद्धत परत आली, याचा आनंदही नाही. आजही कॉलेजियमनं नाव पाठवलं आणि सरकारला ते नको असलं, तर नाही म्हणावं लागत नाही. फाइलीवर बसून राहिलं तरी भागतं.

मग एक शेतकरी प्रतिनिधी घुसवा, असं कोणी म्हणेल. सावध असा. १९६५ पासून कृषिमूल्य आयोग आहे, त्यात शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना जागा आहेत. त्या खुर्च्यांनी ज्वारीचा खर्च भरून निघाला का? त्या आयोगाच्या हाती शिफारस, भाव ठरवणार सरकार. तसंच आपल्या भागाचा माणूस वर गेला म्हणजे झालं, हेही खरं नाही. नागपूरचे शरद बोबडे २०१९ मध्ये आणि अमरावतीचे भूषण गवई २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले. अभिमान जरूर बाळगा. पण मोबदल्याच्या दाव्याची तारीख त्यामुळं अलीकडं आली नाही.

बाहेर काय चालतं? इंग्लंडमध्ये २००६ पासून १५ जणांचा आयोग आहे, त्याचा अध्यक्ष वकीलही नसतो आणि न्यायाधीशही नसतो. दक्षिण आफ्रिकेत आयोगावर लोकसभेसारख्या सभागृहाचे सहा सदस्य, त्यात किमान तीन विरोधी पक्षांचे. उमेदवाराची मुलाखत उघड्यावर होते, लोक ऐकतात. तिथंही राजकारण शिरतं, पण दिसतं तरी.

तेव्हा या मेळाव्यापुढं ठराव असा मांडतो. नवा आयोग व्हावा. त्यात सरकारची माणसं एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावीत आणि त्यांना नाव अडवण्याचा हक्क नसावा. बाहेरच्या सदस्यांची नावं आधी जाहीर व्हावीत, हरकती मागवाव्यात, पक्षाचा पदाधिकारी चालणार नाही. नाव घेतलं तर का आणि गाळलं तर का, हे लिहून ठेवावं. सरकारनं फाइल ठराविक मुदतीत परत करावी, नाही केली तर नेमणूक झाली असं समजावं. मुदत किती, ९० दिवस की कमी, यावर आमच्यातच एकमत नाही. ज्यांना ठरावावर बोलायचं आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीआधी नावं द्यावीत. भूसंपादनाचे दावे चालू असलेल्यांना पहिली संधी.