नसलेल्या जनुकाची साक्ष



या सभागृहात शल्यविशारद आहेत, मूत्रपिंडविकारतज्ज्ञ आहेत, अवयवदान समन्वयक आहेत. मला आज बोलायचे आहे ते मागच्या रांगांत बसलेल्यांशी, म्हणजे रक्तपेढीत आणि क्रॉसमॅचच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांशी. कोणते जनुक शरीरात कोणते काम करते, हे शोधणे फक्त मोठ्या संशोधनसंस्थांचे काम आहे असे आपण मानून चाललो आहोत. मला ते मान्य नाही.

१९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. मुंबईतल्या तीन माणसांच्या रक्तपेशींवर ए नव्हते, बी नव्हते आणि ओ गटात हमखास सापडणारे एचसुद्धा नव्हते. वर त्यांच्या रक्तद्रवात एचविरुद्ध प्रतिपिंडे होती, त्यामुळे ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नव्हते. या टिपणाच्या लेखकांमध्ये भेंडे, देशपांडे, भाटिया यांच्याबरोबर लंडनचे रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स होते. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना अजून जगापुढे यायची होती. तरीही एच तयार करणारे काहीतरी या माणसांत नाही, आणि ते नसल्यामुळे पुढचे ए आणि बी उभेच राहू शकत नाहीत, हे समजण्याची वाट तिथून खुली झाली. ते जनुक म्हणजे एफयूटी१. ते प्रत्यक्ष हाती आले १९९० साली.

ए, बी आणि एच हे शर्कराघटक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असतात. म्हणून एच नसलेल्या, म्हणजेच बॉम्बे गटाच्या, रुग्णाला मूत्रपिंड हवे असेल, तर ओ गटाचा दाताही सरळ जुळत नाही. आपल्या केंद्रांत असा रुग्ण कधीही दाखल होऊ शकतो.

आता डुकराच्या अवयवांकडे पाहा. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची शर्करा असते, ती बनवणारे जनुक जीजीटीए१. माणसात हे जनुक मोडक्या अवस्थेत उरले आहे. आतड्यातल्या जिवाणूंमुळे आपण सगळेच अल्फा-गॅलविरुद्ध प्रतिपिंडे बाळगून असतो आणि डुकराचा अवयव जोडला तर तो काही मिनिटांत किंवा तासांत काळवंडतो. डुकराच्या बाबतीत अख्खी मानवजातच जणू बॉम्बे गटाची! २००३पर्यंत या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी केलेली डुकरे तयार झाली. जानेवारी २०२२मध्ये बाल्टिमोरला माणसाला जे हृदय बसवले, त्यामागच्या डुकरात दहा जनुकीय बदल होते: शर्करेची तीन आणि वाढीचे एक जनुक बंद केलेले, माणसाची सहा घातलेली. तो रुग्ण सुमारे दोन महिने जगला.

जनुक काढले की काम कळले, इतके हे सोपे नाही. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नसलेले उंदीर १९९०मध्ये तयार झाले. त्यांच्या पेशींवर स्वतःची ओळख पटवणारे पहिल्या वर्गाचे रेणू जवळजवळ नव्हते. ओळखच नाही तर शत्रू कसा समजणार, असे वाटणे स्वाभाविक होते. पण त्यांच्या अस्थिमज्जेच्या पेशी सामान्य उंदरांत घातल्या, तेव्हा नैसर्गिक मारक पेशींनी त्या फस्त केल्या. खुणेचा अभाव हाही हल्ल्याचा इशारा असतो, ही गोष्ट पिंजऱ्यात निरोगी दिसणाऱ्या उंदराकडे नुसते पाहून कधी उमगली नसती. ती कलम करूनच कळली.

अशी साक्ष आपल्या प्रयोगशाळांच्या नोंदींतही असते. १९६९मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना, म्हणजे रुग्णात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे असताना, केलेल्या ३० मूत्रपिंड प्रत्यारोपणांपैकी २४ मूत्रपिंडे लगेच निकामी झाल्याचे दाखवले आणि ती चाचणी जगभर सक्तीची झाली. त्या लेखाचे भांडवल एवढेच, की तपासण्यांची नोंद नीट ठेवलेली होती आणि कुणीतरी ती पुन्हा उघडली. आपल्याकडे मात्र अनाकलनीय निकाल आला की नमुना पुन्हा लावतात, निकाल ‘बरोबर’ आला की पहिला कागद टाकून देतात. हे थांबले पाहिजे. शतकानुशतके जातीतल्या जातीत लग्ने होत आलेल्या आपल्या समाजात पेशींची ओळख ठरवणाऱ्या एचएलए रेणूंचे दुर्मीळ प्रकार आणि जनुकांचे अभाव जागोजागी दडलेले असणार. म्हणून माझे मागणे साधे आहे: प्रत्येक केंद्राने असा अनाकलनीय नमुना, रुग्णाच्या संमतीने, रक्तद्रव आणि डीएनए दोन्ही रूपांत गोठवून ठेवावा. त्याची नोंद इतर केंद्रांना पाहता यावी. आणि त्यावर शोधनिबंध झाला, तर ज्या तंत्रज्ञाच्या नजरेला ती विसंगती पहिल्यांदा दिसली, त्याचे किंवा तिचे नाव लेखकांमध्ये असावे. याचा ठराव याच अधिवेशनात व्हावा, अशी अध्यक्ष म्हणून मी सूचना मांडतो.