आधी दंड, मग दाढ

चंद्रपूर-गडचिरोलीच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या दंतवैद्यक बंधू-भगिनींनो,

अध्यक्षाने व्यवसायाचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. इम्प्लांट चंद्रपुरात रुळले, डिजिटल एक्स-रे तालुक्याला पोचले, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने आखडलेली तोंडे मात्र कमी झाली नाहीत. आढावा एवढाच. मला बोलायचे आहे ते आपल्यातल्या बहुतेकांच्या दवाखान्यात नसलेल्या बीपीच्या यंत्राबद्दल.

‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांत केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मृत्यूच्या कारणांत लकवा पहिला निघाला. साधारण सात मृत्यूंमागे एक, आणि बहुतेक माणसे घरीच गेली. लकव्यामागे फार वेळा बीपी असते आणि बीपी दुखत नाही. दाढ दुखते. म्हणून एटापल्ली-भामरागडकडचा, एरवी डॉक्टरची पायरी न चढणारा माणूस आपल्याकडे येतो. आपण त्याला ८०,००० ला एक अ‍ॅड्रेनलिनवाले लिग्नोकेन टोचतो, दाढ काढतो, पैसे घेतो. त्याच्या दंडाला पट्टा बांधत नाही. याचा मला वर्षानुवर्षे संताप येत आला आहे.

‘भीतीने, दुखण्याने बीपी वाढणारच, मोजून उपयोग काय?’ हा वाद इथे दरवर्षी होतो. सिंदेवाहीकडचे एक धान शेतकरी गाल सुजवून आले. वरचा आकडा २१०, खालचा १२०. बाकावर स्वस्थ बसवून पुन्हा मोजले, तरी वरचा दोनशेच्या खाली येईना. ते म्हणाले, ‘‘मले काही होऊन नाही राहिलं जी, दाढ तेवढी काढून द्या.’’ मी काढली नाही. पॅरासिटामॉल, अँटिबायोटिक आणि चिठ्ठी देऊन मुलासोबत त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात धाडले. ठणका दोन दिवसांत गेला, बीपी गेले नाही. गोळी लागू पडल्यावर ते परत आले, तेव्हा दाढ काढली. भीतीचे, दुखण्याचे बीपी असते तर ठणक्याबरोबर उतरले असते.

दुसरा आक्षेप, फिजिशियनच्या कामात ढवळाढवळ होईल. ब्रह्मपुरीचे एक निवृत्त गुरुजी. हिरड्या इतक्या वाढलेल्या की पुढचे दात अर्धे झाकलेले. बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन, जिने हिरड्या वाढू शकतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, असे बजावून मी त्यांच्या डॉक्टरांना पत्र लिहिले. त्यांनी औषध बदलले, आम्ही दात साफ करत राहिलो आणि काही महिन्यांत हिरड्या ओसरल्या. तेच डॉक्टर आज आपले मधुमेही रुग्ण हिरड्या दाखवायला माझ्याकडे पाठवतात.

आणि वेळ नाही म्हणणाऱ्यांनो, रुग्ण बाहेर ताटकळत बसलेला असतोच. तिथेच मोजा, आडव्या केलेल्या खुर्चीत नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर, जाड दंडाला मोठा पट्टा. अर्ध्या तासात चहा किंवा खर्रा झालेला नसावा. आपल्याकडे माणूस बाकावर बसूनच पन्नीत खर्रा घोटत असतो, तेव्हा कंपाउंडरने आधी ते विचारावे. पुन्हा मोजूनही १४०/९० च्या वर राहिले तर चिठ्ठी द्या. १८०/११० च्या वर असेल तर तातडीचे नसलेले काम पुढे ढकला.

चिठ्ठीचा एकच नमुना दोन्ही जिल्ह्यांत चालावा, माडिया आणि गोंडीतही चार वाक्ये तयार व्हावीत, उपकेंद्राच्या सिस्टरांशी बोलणे व्हावे. कार्यकारिणीने हे मनावर घ्यावे. तपशील पुढे ठरवू.

सभागृहाबाहेर टेबलावर यंत्र मांडले आहे. आपल्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या कितीजणांनी यंदा स्वतःचे बीपी पाहिले, मला शंका आहे. ज्यांचा चहा होऊन अर्धा तास झाला, त्यांनी जेवणाआधी यावे. बाकीच्यांनी जरा थांबून.