होडीला शेवटचा हात

१९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडी धरणाची पायाभरणी केली आणि पुढे पैठणला त्याचा नाथसागर जलाशय पसरला. समुद्र नसलेल्या आपल्या जिल्ह्यात होडीचा विषय निघतो, तो त्यामुळेच! घरी लाकडी होडी केलीत, तर रंगाची घाई नको. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, शेवटी २२०. घासायचं लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच. आडवं घासलं, की ओरखडे वार्निशखाली उठून दिसतात. फळीची टोकं सर्वांत जास्त पाणी पितात, तिथं वार्निशचा एक हात जादा द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळला, की हलकं घासून पुसा, मगच पुढचा. वार्निश सावलीत लावा, पावसाळ्यापूर्वी उरका. आणि घासताना मास्क बांधा. सागाची धूळ घशाला झोंबते.