तांदूळ निवडले, भात शिजला



अर्जात ‘इन्फर्मेशन्स’ लिहिले गेले, मुलाखतीत ‘ॲडव्हायसेस’ उच्चारले गेले, की दोष मराठी माध्यमाच्या माथी मारला जातो. अशा चार शब्दांच्या धास्तीने मुलांची शाळा बदलणारे पालकही आहेत. हा आरोप तपासून पाहण्याजोगा आहे.

मराठी घरात तांदूळ निवडले जातात, धुतले जातात, ते अनेकवचनी. शिजल्यावर त्यांचा भात होतो, तो एकवचनी. पोहे भिजतात, साखर विरघळते. गहू दळले जातात, ज्वारी मात्र दळली जाते. डोळ्यांना सुटा दिसतो तो दाणा मोजावा असे म्हणावे, तर ज्वारीचा दाणाही सुटाच असतो! वचन वस्तूत नसते, भाषेच्या दृष्टीत असते. इंग्रजीने ‘राइस’ आणि ‘व्हीट’ यांच्याकडे रास म्हणून पाहिले, ‘ओट्स’कडे मात्र दाणे म्हणून. डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ साली ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात गणनीय नामे आणि राशिवाचक नामे यांतील भेदाची चर्चा केली आहे. तो भेद मराठी मूल मात्र स्वयंपाकघरातच शिकून येते.

‘दोन सामाने’ किंवा ‘तीन माहित्या’ असे मराठी मूल कधी म्हणत नाही. म्हणजे ‘लगेज’ आणि ‘इन्फर्मेशन’ यांचा नियम त्याच्या जिभेवर आधीच आहे. फळ्यावर तो मराठीशी जोडून दाखवला गेला नाही, इतकेच. अडचण खरोखर येते ती जिथे दोन भाषांच्या वाटा फुटतात तिथे. सल्ले दोन असू शकतात, ‘ॲडव्हाइस’ नाही. तिथे ‘पीस ऑफ’चा आधार घ्यावा लागतो. पैसे अनेक, ‘मनी’ एकवचनी. बातम्या अनेक, आणि ‘न्यूज’ शेवटी ‘स’सारखा ध्वनी बाळगूनही एकवचनीच. डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘हेअर’. आमटीत सापडलेला एक मात्र मोजला जातो. पाठांतर करायचे ते एवढ्याच शब्दांचे.

खुद्द इंग्रजांचीही इथे गल्लत झालेली आहे. वाटाण्यासाठी त्यांचा जुना शब्द ‘पीझ’ असा होता आणि तो राशिवाचक होता. शेवटचा ध्वनी ऐकून लोकांनी त्याला अनेकवचन मानले आणि त्यातून ‘पी’ हे एकवचन तयार केले. इंग्रजी शब्दकोशांत आज तेच रूप प्रमाण आहे.