पाठ आणि पोट

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात कळंब येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आजचे व्याख्यान आमच्यावर सोपविले, तेव्हा शिक्षण, व्यसनमुक्ती, सामुदायिक विवाह हे नेहमीचे विषय समोर होतेच. ते महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. तथापि आम्ही निराळाच विषय निवडला आहे, आणि तो म्हणजे आपली पाठ. आपल्या शिंपी समाजात असे घर विरळा, जेथे खुंटीला कंबरेचा पट्टा अडकविलेला नाही किंवा फडताळात दुखण्यावरच्या मलमाची नळी नाही. तरीही या दुखण्याविषयी आपण चारचौघांत बोलत नाही. 'शिंप्याचा धंदा, पाठ दुखायचीच,' असे म्हणतो आणि सुईत पुन्हा दोरा ओवतो.

पाठीवर मारावे, पण पोटावर मारू नये, अशी आपल्यात म्हण आहे. आपण ती अक्षरशः पाळली. पोट सांभाळण्यासाठी पाठ पुढे केली. परंतु कारागिराची पाठ गेली की पाठोपाठ पोटही जाते, हे मात्र आपण विसरलो. चाळिशीच्या आत मशीन विकून राखणदारीची नोकरी शोधणारे तरुण आपण पाहत आहोत. हात कसबी आहे, डोळा तीक्ष्ण आहे, गिऱ्हाईक दारात आहे. केवळ बसवत नाही म्हणून पिढीजात विद्या बंद पडते. हे नुकसान एका घराचे नव्हे, साऱ्या समाजाचे आहे.

आम्ही वैद्य नव्हे. जन्म शिंप्याच्या घरचा, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य प्राथमिक शाळेत मुले शिकविण्यात गेले. म्हणून जे वाचले, जे पाहिले, तेवढेच सोप्या भाषेत आपल्यापुढे ठेवतो.

हे दुखणे आजचे नाही. इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. बसून काम करणाऱ्या शिंप्यांच्या व चर्मकारांच्या वाकलेल्या पाठींची नोंद त्यात आढळते. म्हणजे शिवणयंत्राचा शोध लागण्यापूर्वीही ही व्यथा होतीच. ती केवळ आपल्या नशिबाची नाही, आणि आपल्या जातीची तर मुळीच नाही. ती काम करण्याच्या रीतीची आहे. रीत माणसाने घातलेली असते, म्हणून ती माणसाला बदलताही येते.

आता शरीराची रचना थोडी पाहू. मान, छाती आणि कंबर मिळून आपल्या कण्यात २४ मणके असतात, व त्यांच्या खाली माकडहाडाचा भाग असतो. दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचिक गादी असते. मोठ्या माणसाच्या या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिला पोषण मिळते ते आजूबाजूने झिरपून, आणि हालचालीने त्याला मदत होते. स्पंज दाबला की पाणी बाहेर येते आणि सोडला की पाणी आत शिरते, साधारण तसाच हा प्रकार आहे. तासन् तास एकाच अवस्थेत वाकून बसले की स्पंज नुसता दाबलेलाच राहतो. स्वीडनमधील नाखेमसन या शल्यवैद्याने १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कण्यात सुई घालून या गादीवरील दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा पुढे वाकून बसण्यात तो दाब बराच अधिक असतो, असे त्याला आढळले. बसलेला माणूस विश्रांती घेत आहे, ही आपली समजूत पाठीपुरती तरी खरी नाही.

मग आपले आजे-पणजे काय करीत? तेही बारा-बारा तास खपत. परंतु त्यांच्या दुकानात एकच माणूस माप घेई, उभा राहून कापड बेती, पायमशीनवर शिवी, मांडी घालून काज-बटण व तुरपाई करी, पुन्हा उभा राहून इस्त्री फिरवी. आज काम वाटले गेले आहे. बेतणारा निराळा, इस्त्रीवाला निराळा, आणि मशीनवरचा माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत केवळ मशीनवर. त्यात विजेची मोटार आली. पायमशीनवर पाय तरी हलत. आता पाऊल नुसते दाबून ठेवावयाचे. मोटारीने वेग दिला, पण उरलीसुरली हालचाल काढून घेतली. ज्या वेळी जूनमधील शाळेचे गणवेश, दिवाळी आणि लग्नसराई यांची घाई असते, त्या वेळी तर माणूस जेवणापुरताच उठतो.

आपल्या तालुक्यातून दर वर्षी तुकोबांची पालखी सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते. सत्तरीचे वारकरी डोक्यावर बोचके घेऊन दिवसाकाठी कित्येक कोस चालतात. त्यांचे पाय दुखतात, टाचांना फोड येतात. तथापि 'बसून बसून पाठ धरली' असे त्यांतील कोणी म्हणत नाही. चालती पाठ आणि बसती पाठ यांतील हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

यावर पहिला उपाय फुकटचा आहे. कामे आलटूनपालटून करावी. दर अर्ध्या तासाने उठावे. 'गुरुजी, आम्हांला नगावर पैसे मिळतात, उठलो तर बुडालो,' असे आपण म्हणाल. म्हणून हिशेब करून पाहू. बारा तासांच्या दिवसात दर अर्ध्या तासाने एक मिनिट उठले तर दिवसाची २४ मिनिटे जातात. तीही वाचविता येतात. इस्त्री, बेतणे, तयार कपड्यांच्या घड्या ही उभ्याची कामे संध्याकाळसाठी साठवून न ठेवता मधून मधून करावी. दोन कारागीर असतील तर त्यांनी दर दोन तासांनी जागा बदलावी. दुकानाच्या मालकाने ही मुभा आपण होऊन द्यावी. कारागीर पाठीने बसला तर त्याच्याबरोबर दुकानही बसते.

दुसरा उपाय बैठकीचा. पुष्कळ ठिकाणी हजारोंचे मशीन असते आणि बसावयास मोडके खोके असते. नेदरलँड्समध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार शिवणाचे टेबल कोपराच्या उंचीहून किमान ५ सेंटिमीटर वर आणि शिवणाऱ्याकडे सुमारे १० अंश उतरते असावे, म्हणजे मान व पाठ कमी वाकते. मोटारीच्या मशीनच्या मागील पायांखाली पक्के लाकडी ठोकळे बसवून सुतार हे करून देईल. मशीन डुलता मात्र कामा नये. लॉस एंजलीस येथील शिवणकामगारांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. उंची कमी-जास्त करता येणाऱ्या, वक्र बैठकीच्या खुर्चीने मान व खांद्यांचे दुखणे कमी होते, असे त्यात दिसून आले.

पाठ धरलीच तर काय करावे? आपल्याकडे रुग्णाला आठ-आठ दिवस फळीवर निजवितात. हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या व १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन दिवस निजून राहिलेल्यांपेक्षा सोसेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात व्यायाम व रुग्णाला नीट समजावून सांगणे यांची शिफारस आहे, आणि कंबरेचे पट्टे व वजने लावून ताण देणे यांची नित्य उपचार म्हणून शिफारस नाही. याच संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. तेव्हा खुंटीवरच्या पट्ट्यावर विसंबण्यापेक्षा रोज पहाटे कालव्याच्या कडेने अर्धा तास चालणे स्वस्त आणि हितकर होय.

मात्र काही लक्षणे दिसताच घरगुती उपचार थांबवावे. लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेच्या व बैठकीच्या भागात बधिरता येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तरीही डॉक्टरांस दाखवावे. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. फार लांब जाण्याचे कारण नाही. अशा वेळी पाठीवर पाय देऊन तुडविणाऱ्याकडे जाणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

भगिनींविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. पुरुषाची पाठ दुखली की घरात पट्टा येतो; सुनेची दुखली की 'आजकालच्या मुलींना काम सोसत नाही' असे शब्द येतात. वस्तुतः पुरुष मशीनवरून उठला की अंथरुणावर टेकतो, आणि ती पिको-फॉलच्या साड्या बाजूला ठेवून चुलीपुढे वाकते. तिचा दिवस दोन पाळ्यांचा आहे. तिच्या दुसऱ्या पाळीतील पाणी आणि केर एवढे तरी घरातील पुरुषांनी उचलावे. याला आम्ही उपकार म्हणत नाही, हे औषध आहे.

शेवटी मंडळाला एक नम्र सूचना. गरजू भगिनींना आपण शिवणयंत्रे देतो, हे कार्य स्तुत्य आहे. परंतु यंत्र देतो आणि बैठक देत नाही. येत्या वर्षापासून प्रत्येक यंत्राबरोबर उंची बदलता येणारे, पाठीला आधार असलेले एक बसावयाचे स्टूल द्यावे. लागल्यास यंत्रांची संख्या एकाने कमी करावी, सत्काराच्या शाली व नारळ कमी करावे. आमच्या नावाची शाल त्यात प्रथम वगळावी.

दुसऱ्याच्या अंगाला कपडा नीट बसावा म्हणून आपण बोटाबोटाचे माप घेतो. एकदा आपल्या स्वतःच्या बैठकीचेही माप घ्यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.